मनुबाईची मूठ

पाळकसाहेब, तुमचं पत्र पोचलं. बेनेहाळच्या मंडळीला पन्नास वर्षं होतात म्हणून तुम्ही पुस्तक काढताय, आणि त्यात "नम्र व दानशील भगिनी" अशा मथळ्याखाली मनुबाईवर चार ओळी मी लिहून धाडाव्यात, असं तुमचं म्हणणं. चार ओळी! अहो, चार ओळींत माझ्या खोकल्याचं वर्णनसुद्धा पुरं होणार नाही. तुम्ही बेळगावात नवे, वयानं माझ्या मुलाहून लहान, म्हणून रागावत नाही. खरं म्हणजे रागावलोच आहे, पण लिहितो. छापायचं की फाडून टाकायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मी शमुवेल मास्तर. तीस वर्षं बेनेहाळच्या शाळेत पोरं बडवली. त्या वेळचे पाळक बेळगावहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या तीन रविवारी उपासना चालवायचं काम माझ्याकडं. उभं राहून बोलायला मला आवडायचं. लई आवडायचं. समोर वीस-पंचवीस माणसं मान खाली घालून ऐकतायत म्हटल्यावर माझी जीभ अशी काही सुटायची की जयाबाई, म्हणजे माझी बायको, मागच्या रांगेतून खाकरून मला थांबवायची. या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या जिभेत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बेनेहाळ निपाणीहून चार कोसांवर, चिकोडीच्या वाटेला. गावाच्या खाली, ओढ्याच्या अलीकडं, आमची खिस्ती लोकांची अकरा घरं. मनुबाई तिथं आली ती पाच-सहा सालात. तिचा नवरा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा, तो प्लेगात गेला. लेकरूबाळ नाही. दीर इथं होता म्हणून ती आली, आणि दीर वर्षभरात मुंबईला पळाला तो पळालाच. राहिली ती एकटी, एका खोपटात.

दिसायला कशी होती विचाराल, तर उंच, हाडापेरानं दांडगी, आणि हात असे की माझी दोन बोटं म्हणजे तिचं एक. पाटलाच्या रानात तंबाखूचे शेंडे खुडून त्या हातांना काळा चिकट थर चढलेला असायचा, तो राखेनं घासला तरी जायचा नाही. बोलायची कमी. प्रार्थनेत एकेकानं मोठ्यानं बोलायची आमची चाल, पण तिची पाळी आली की ती एवढंच म्हणायची, "बापा, हाय तसं हाय. आमेन." पोरं फिदीफिदी हसायची. मीसुद्धा मनातून हसायचो. बाईला दोन वाक्यं जुळवता येत नाहीत, म्हणायचो.

आता मुठीचं सांगतो. तुमच्या शहरच्या मंडळीत लोक दानाचं पाकीट टाकतात. आमच्याकडं कुणाजवळ काय होतं टाकायला? म्हणून चौदा सालच्या सुमाराला पाळकांनी मुठीची चाल घातली. बाईनं पहाटे जात्यावर बसायच्या आधी, दळायला घेतलेल्या जोंधळ्यातून एक मूठ देवाची म्हणून वेगळी काढायची आणि गाडग्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गाडगं आणून देवळातल्या पाटीत ओतायचं. त्या धान्यावर दोन म्हाताऱ्या विधवा जगायच्या. घरोघरी विचारणं सुरू झालं, "मूठ काढलीस काय गं?" "मूठ ठेवली न्हवं?" शब्द आमच्या अकरा घरांत मिठासारखा रुळला.

लोक लोकच असतात. जयाबाई आमच्या चार वर्षांच्या धाकटीला हाक मारायची आणि तिच्या चिमुकल्या हातानं मूठ काढून घ्यायची. वर म्हणायची, "लेकराच्या हातचं देवाला जास्त आवडतंय." मी तिला बोललो नाही. घरात जोंधळा मलाही लागत होता.

मनुबाई पाटीशी सगळ्यांत शेवटी यायची. पदराखाली गाडगं झाकून आणायची, पाटीत हात खाली नेऊन असं हळू ओतायची की दाण्याचा आवाज होऊ नये. मला वाटलं, ही मूठ काढतच नाही. उगाच वाकून दाखवते. एका रविवारी मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मनुबाई, देवाला फसवतीस व्हय?" तिनं गाडगं पदराखाली आणखी ओढून घेतलं. मला आणखी चेव आला. मी तिच्या हातातलं गाडगं ओढलं आणि पाटीत उलथं केलं. काठोकाठ भरलेलं गाडगं होतं, साहेब. पाटी भरून दाणे जमिनीवर सांडले. ती खाली बसली आणि एकेक दाणा वेचायला लागली. मला म्हणाली, "सरा मास्तर, पायाखाली येत्यात."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. चूक झाली म्हणावं, पाय धरावेत, एवढं साधं होतं. पण मी काय केलं? पुढच्या रविवारी उपदेश दिला! मनुबाईचा दाखला घेतला, म्हणजे माझी चूक झाकली जावी आणि वाहवाही व्हावी. म्हणालो, दान द्यावं तर असं. गाजावाजा नको. ज्याला देतोय त्याच्याही नजरेला पडू नका. त्याला कळलं की तुम्ही दाते झाला आणि तो भिकारी झाला. माणसाला भिकारी करून दिलेलं देवाला पोचत नाही. लोक माना डोलवत होते. मनुबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. असं कुणी माझं ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी खूश झालो.

अठरा साल उजाडलं. पाऊस दडी मारून बसला, जोंधळा हातभर वाढून जागच्या जागी करपला. आणि दसऱ्याच्या आसपास मानमोडी आली. तुम्ही त्या वेळी जन्मलाही नसाल. ताप यायचा, मान टाकायचा माणूस, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खलास. बेनेहाळात असं घर नव्हतं की जिथं अंथरूण पसरलेलं नाही. पाळकांचं येणं बंद झालं. त्यांनी निरोप धाडला की या महिन्याची मूठ पाटीत आणू नका, ज्याच्या त्याच्या शेजारी आजारी असेल त्याला द्या. मी तो निरोप घरोघर सांगितला. लोक म्हणाले, बरं झालं, आमच्याच घरी आजारी आहेत. खोटं नव्हतं ते.

मनुबाईला कोण होतं शेजारी? तिला आठवली अंजनी.

अंजनी म्हणजे गावातल्या भरमू गाडीवानाची बायको. भरमू बैलगाडीनं तंबाखूची पोती निपाणीला न्यायचा, आणि अंजनी हंगामात पाटलाच्या रानात खुडायला यायची. दोघी एका ओळीत काम करायच्या. अंजनी बडबडी, मनुबाई मुकी, त्यामुळं जमायचं. त्या साली भरमू आठ दिवस तापानं पडला, तो उठायच्या आत अंजनी पडली. गाडी बंद, घरात दाणा नाही, आणि आजाऱ्याच्या उंबऱ्याला कुणी पाय लावायला तयार नाही.

आता इथं नीट ध्यानात घ्या. आमच्या हातचं शिजलेलं गावात कुणी घ्यायचं नाही. कोरडं धान्य चालायचं, पण तेसुद्धा कुणी दिलं हे डोळ्यांआड राहिलं तर बरं असायचं. त्यात माझा उपदेश. तेव्हा मनुबाईनं काय करावं? तिच्याजवळ दळायलाच दोन मुठी असायच्या. त्यातली एक ती पहाटे, गाव उठायच्या आत, भरमूच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं न बघता निघून यायची. असे नऊ दिवस. दाणे उचलले जातायत, हे दुसऱ्या दिवशी तिला दिसायचं. म्हणजे खाल्ले जातायत.

मी मास्तर. शिकलेला. मूठ या शब्दाचा गावात काय अर्थ होतो हे मला ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मूठ मारणं म्हणजे करणी करणं. मंतरलेल्या दाण्यांची मूठ घ्यायची, वैऱ्याच्या दारात टाकायची, आणि त्या घरातलं माणूस झिजून झिजून मरतं. दारात सकाळी दाण्याची रास दिसली की बाया किंचाळायच्या त्या काळात. आणि आम्ही अकरा घरांत बसून "मूठ काढा, मूठ ठेवा" म्हणून देवाचं नाव घेत होतो! चार वर्षांत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. माझी अक्कल गहाण पडली होती.

फोडलं ते माझ्या घरानंच. जयाबाई ओढ्यावर धुणं धूत होती. गावातल्या बायाही वरच्या अंगाला होत्या. कुणीतरी आमच्या देवळाबद्दल टोचून बोललं, की तुमच्यात सगळे देवाला फुकट पुजतात. जयाबाईला राग आला. ती ताठ्यानं म्हणाली, "फुकट? आमच्यात घरटी मूठ हाय बाई. आन् आमच्या मनुबाईची मूठ तर सगळ्यांत मोठी. रोज पहाटं. कधी चुकत न्हाय."

वरच्या अंगाच्या बायांचे हात धुण्यावरच थांबले, असं जयाबाई नंतर सांगायची. तिला कळेना काय झालं. त्याच दुपारी अंजनी मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवरून मला बोलावणं आलं. गेलो तर सगळं गाव तिथं. मध्ये मनुबाई उभी, डोईवरचा पदर फाटलेला, कपाळाला खोक. एका बाजूला भरमू, तापातून उठलेला, काडीसारखा, हातात कोयता. चार जणांनी त्याला धरलेलं. कट्ट्यावर धनपाल पाटील. पाटील जैन, शांत माणूस. त्याच्याही घरची दोन माणसं त्या आठवड्यात गेली होती.

भरमू ओरडत होता, "नऊ दिस! नऊ दिस हिनं माझ्या दारात मूठ टाकली! रोज उठून मी ते दाणं पायताणानं गोळा करून चुलीत जाळलं, तरीबी हिनं सोडलं न्हाय! खाल्ली माझी अंजनी!"

मी मनुबाईकडं बघत होतो. तोवर ती नुसती भांबावलेली होती. "चुलीत जाळलं" हे ऐकल्यावर तिचं तोंड बदललं. तिनं एकदम भरमूकडं बघितलं, आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं, भ्याली.

पाटलानं मला जवळ बोलावलं. हळू म्हणाला, "मास्तर, हे मूठ मारणं वगैरे मी मानत न्हाय. पण गाव मानतंय. तुमच्या लोकांत मूठ म्हणून काहीतरी चाल हाय असं बाया म्हणतायत. ती काय ते तुम्ही उभं राहून सांगा. तुमचा शब्द आला म्हणजे गावाला समजवायचं माझ्याकडं लागलं." मग मोठ्यानं विचारलं, "मास्तर, तुमच्यात मूठ म्हणजे काय?"

एवढंच विचारलं. यापेक्षा सोपा प्रश्न मी शाळेत कधी पोरांना घातला नव्हता. उत्तर असं होतं: मूठ म्हणजे देवाचं धान्य, ते उपाश्याला द्यायचं असतं, आणि गुपचूप दे म्हणून हिला मी शिकवलं. दहा शब्द इकडं, दहा तिकडं.

मी बघितलं कोयत्याकडं. बघितलं त्या तोंडांकडं. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी त्या पंधरवड्यात पुरलं किंवा जाळलं होतं, आणि प्रत्येकाला कुणीतरी हवं होतं. मी शिकवलं म्हणालो असतो तर उद्या माझी शाळा, माझं घर, माझी पोरं. मी म्हणालो, "आमच्यात अशी काही चाल न्हाय. मला म्हाईत न्हाय."

भ्यालो. दुसरं कारण नाही. एवढी वर्षं शोधलं, सापडलं नाही.

पाटलानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं असावं. त्यानं मनुबाईला विचारलं, "तू काय म्हणतीस?"

ती म्हणाली, "मास्तरास्नी काय म्हाईत न्हाय. माझं मीच केलं."

पाटलानं तिचा जीव वाचवला एवढं खरं. खोपट जाळायला निघालेल्या लोकांना त्यानं अडवलं आणि निकाल दिला की हिनं ओढ्यापलीकडं राहावं, गावात पाऊल टाकू नये, हिला कुणी काम देऊ नये, विस्तव देऊ नये. आमच्या अकरा घरांनाही ताकीद मिळाली. आमच्या लोकांनी ती पाळली. रानातलं काम गावाकडूनच मिळायचं, करणार काय? असं म्हणून मी तेव्हा मनाची समजूत घालायचो.

ओढ्यापलीकडं एका बाभळीखाली तिनं काट्याकुट्यांचा आडोसा केला. रानात हिंडून शेण गोळा करायची, शेणी थापायची आणि डोक्यावर घेऊन निपाणीला विकायला जायची. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. दर रविवारी देवळात यायची, पण आत नाही, बाहेर वळचणीला बसायची. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडगं घेऊन! तिची मूठ बंद झाली नव्हती. पण तिचे दाणे पाटीत ओतायला कुणी तयार होईना. गावात कळलं तर काय, म्हणत होते. आणि आतून त्यांनाही भीती शिवली होती, आमच्याच खिस्ती लोकांना. मी म्हणालो, ठेव बाहेर, मी बघतो. उपासना संपली की ते धान्य मी घरी नेऊन कोंबड्यांना घालायचो. कोंबड्या चांगल्या गुबगुबीत झाल्या. ती अर्ध्या पोटी राहून काढत होती आणि माझ्या कोंबड्या खात होत्या, आणि मी त्यांची अंडी खात होतो. घाला हे तुमच्या पुस्तकात.

दोन वर्षं मी अशी काढली. मग झोप लागेना, जेवण जाईना. वीस सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी ओढा ओलांडून गेलो. ती शेणी उलथत होती. मला बघून गडबडली, बसायला पोतं टाकलं.

मी म्हणालो, "मनुबाई, मी उद्या चावडीवर जाऊन सांगतो. मूठ मी शिकवली म्हणून सांगतो. काय करायचं ते करू देत मला."

मला वाटलं होतं ती रडेल, हात जोडेल. ती घाबरली. म्हणाली, "नका मास्तर. आता नका."

"माझ्यासाठी तू कशाला भोगायचं? त्या दिवशी मला वाचवलंस, पुरं झालं."

ती म्हणाली, "तुमच्यापायी न्हाय वो."

मला ते लागलं. खरं सांगतो, साहेब, त्या क्षणालाही मला ते लागलं.

"मग कुणासाठी?"

"भरमूसाठी." ती शेणी उलथता उलथता बोलत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "त्यानं ते चुलीत घातलं म्हनला न्हवं? मला वाटत हुतं ती खातीया. घरात दाणा न्हाय, बाई उपाशी पडलीया, आन् दारात आलेलं ह्यानं हातानं जाळलं. त्याला कळलं तर त्यो जगंल कसा, मास्तर? आता माझ्यावर राग धरून उभा हाय त्यो. त्यो राग काढून घेतलासा तर पडंल."

मी म्हणालो, "आन् तू? जन्मभर चेटकीण म्हणवून घेणार?"

"मला कोण हाय? माझ्या नावाचं कुणाला काय?" ती म्हणाली. "त्याला हुभं ऱ्हाऊ द्या. तुम्ही शब्द द्या मला."

मी शब्द दिला. परत येताना ओढ्यात तोंड धुतलं आणि लहान पोरासारखा रडलो. दुःखाचं रडं होतं, पण त्यात सुटल्याचंही होतं, हे लपवत नाही. चावडीवर जायचं टळलं होतं ना.

अकरा वर्षं ती आणखी जगली. भरमू कधी त्या वाटेनं गाडी घेऊन जायचा, आणि ती दिसली की गाडी थांबवून खाली उतरायचा आणि दगड मारायचा. नेम धरून. ती पळायची नाही. अंग चोरून बसायची आणि तो गेला की उठायची. एकदा मी समोर होतो. भरमूचं तोंड रागानं लाल, छाती फुगलेली, आवाज खणखणीत. दोन बैल आवरणारा तो धडधाकट गडी होता. तिचं म्हणणं खरं होतं. राग त्याला पोसत होता.

एकतीस सालच्या थंडीत ती गेली. एका रविवारी वळचणीला दिसली नाही म्हणून मी गेलो. थंड पडली होती. बाजूला गाडगं, निम्मं भरलेलं. गावातून तिला न्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी आणि आमच्यातले दोघं तिला ओढ्याच्या काठानं वळसा घालून घेऊन गेलो. खड्डा आम्हीच खणला. प्रार्थना मी करायची होती. मला एक शब्द फुटला नाही. तीन रविवार बोलणारा माणूस मी, आणि माती लोटून परत आलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. यासाठीच एवढं लिहिलं.

तिला पुरून मी घरी गेलो नाही. माझं डोकं फिरलं होतं. मला वाटत होतं, आता ती नाही, आता शब्दाचं काय? निदान मेल्यावर तरी तिच्या नावावरचा डाग जावा. हे मी स्वतःला सांगत होतो, आणि ते मला खरंही वाटत होतं. हाताची माती न धुता मी गावात शिरलो आणि भरमूच्या अंगणात उभा राहिलो.

तो बैलांना वैरण घालत होता. मला बघून म्हणाला, "या मास्तर. गेली म्हनं ती. सुटलं गाव."

मी म्हणालो, "भरमू, तिनं अंजनीवर मूठ मारली नव्हती." आणि सगळं सांगितलं. देवाची मूठ, गाडगं, माझा उपदेश, दोन मुठींतली एक मूठ, नऊ पहाटा. चावडीवर मी खोटं बोललो तेही. सगळं. भडाभडा. सांगताना मला हलकं हलकं वाटत चाललं होतं.

भरमूच्या काखेत वैरणीची पेंढी तशीच. त्यानं सगळं ऐकलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हंजे ते खायाचं हुतं?"

मी म्हणालो, "व्हय."

तो खाली बसला. बैलाच्या पायाशी, शेणात. मग बोलायला लागला, पण माझ्याशी नाहीच.

"चुलीत टाकलं की जोंधळा फुटायचा. तडतड लाह्या व्हायच्या. अंजनी पडल्या पडल्या म्हनायची, धनी, कशाच्या लाह्या वो? वास लई ग्वाड येतोय. दोन द्या की. मी म्हनायचा, गप पड, इख हाय ते. रोज मागायची. नऊ दिस मागितल्या तिनं."

मी म्हणालो, "मला माफ कर, भरमू."

त्यानं मान वर केली. तेरा वर्षांचा तो राग कुठंच नव्हता त्याच्या तोंडावर. काहीच नव्हतं. म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. पर मला हे आता कशापायी सांगितलासा?"

माझं मन हलकं व्हावं म्हणून. हेच खरं उत्तर होतं, आणि ते मला कळलं तिथंच, त्याच्यासमोर उभा असताना. मनुबाईनं तेरा वर्षं दगड खाऊन त्या माणसाला जे दिलं होतं, ते मी तिच्या मातीचे हात घेऊन परत काढून घेतलं होतं. तसाच घरी आलो.

भरमूनं गाडी पुन्हा जुंपली नाही. दीड वर्ष जगला. त्याची बहीण त्याला सांभाळायला येऊन राहिली होती, ती ओढ्यावर बायांना सांगायची. पुढ्यात ताट आलं की तो हात लावायचा नाही, तिच्या तोंडाकडं बघत बसायचा, आणि दर वेळी विचारायचा, "आक्का, हे खायाचं हाय न्हवं?"